सोबतीची रेघ

पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची आर्जवची, खालची त्याच्या आईची. खालची रेघ बघून डॉक्टर मुजावर बाईंनी आधी ऋतुजाच्या मनगटावरचा पट्टा बदलला, मग वायर बदलली, मग तंत्रज्ञाला बोलावून अख्खं यंत्रच बदलायला लावलं. रेघ काही बदलली नाही. ऋतुजा मगदूमच्या छातीतलं काळीज व्यवस्थित चालू होतं, पण पिठाची गिरणी चालावी तसं एका सुरात.

"तुम्हाला आत्ता काय वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

ऋतुजानं विचार केला. प्रश्न साधा होता आणि तिला खरं उत्तर द्यायचं होतं.

"एसी जरा जास्त आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली, पण एसी कमी केला नाही.

पलंगावर सहा वर्षांचा आर्जव पडला होता. तोंडात नळी, छातीवर पांढरी पट्टी, कानामागं रुपयाएवढी मऊ चकती. आईनं त्याच्याकडे बघितलं. पट्टी स्वच्छ आहे, नखं वाढलीत, डाव्या भुवईवर आयोडीनचा डाग राहिलाय, हे सगळं तिला दिसलं. दिसलं, आणि तिथंच राहिलं. पुढं आत कुठं गेलं नाही.

खरं तर ऋतुजा ही गप्प बसणारी बाई नव्हेच. तासगावच्या द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन उडवायचं तिचं काम. ड्रोन फांदीला अडकला की बांधावर उभी राहून ती त्या निर्जीव वस्तूचा असा उद्धार करायची की शेजारच्या बागेतली माणसं काम थांबवून ऐकत बसायची. घरातही तेच. कणीक मळताना, भांडी लावताना तिची कटकट चालूच. आर्जवनं वही कुठं टाकली, नवऱ्यानं, सन्मतीनं, चपला कुठं काढल्या, सासूबाईंनी दुधावर झाकण का नाही ठेवलं. गल्लीतल्या लोकांना त्यावरून वेळ कळायची म्हणतात.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या दिवशी आर्जवला आत नेलं आणि एका सिस्टरनं दार अर्धवट उघडून त्याचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऋतुजाच्या हातात दिले. चड्डी अजून गरम होती. तेवढंच तिला आठवतं. त्यानंतर आतलं काहीतरी बंद पडलं, आणि ते बंद पडलंय हेही तिला कळलं नाही. नातेवाइकांना मात्र फार कौतुक वाटलं. "काय धीराची पोरगी आहे! डोळ्यातून टिपूस नाही!" सासूबाईंनी फोनवर बजावलंच होतं, की पोराच्या समोर रडायचं नाही, ओरडायचं नाही, गोड बोलायचं. आजाऱ्याच्या उशाशी रडू नये, ही आपल्याकडची शिस्त, आणि ऋतुजानं ती जन्मात पहिल्यांदा विनातक्रार पाळली.

नेमकं तेच नडलं.

आर्जवच्या हृदयाची एक झडप जन्मतःच अरुंद होती. आता त्या जागी नवी बसवली होती, ती त्याच्याच कातडीच्या चिमूटभर पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली. अशी झडप मुलाबरोबर मोठी होते. एकदा धरली की जन्माची काळजी मिटली. पण ती धरायला हवी.

"तुमच्याकडे द्राक्षाचं कलम करतात ना," डॉक्टर मुजावरांनी त्या रेघा बघून झाल्यावर नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "तसंच हे. नुसतं बांधून चालत नाही, ते जगावं लागतं. निरोगी माणसाचं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. श्वास घेताना जरा घाई करतं, सोडताना जरा दमानं घेतं. त्या चढउतारात नवी झडप वळायला शिकते. आर्जवला आपण गुंगीत ठेवलंय. गुंगीत ठोके एकसारखे पडतात आणि झडप ताठर होत जाते. गुंगी काढावी, तर घशात नळी, अंगभर वायरी. पोर घाबरतं, रक्ताचा दाब उसळतो, टाके तुटू शकतात."

"म्हणून सोबती," सन्मती म्हणाला. त्याला हे पाठ झालं होतं.

"म्हणून सोबती. लहान मूल खांद्यावर घेतलं की त्याचा श्वास हळूहळू आईच्या श्वासाबरोबर चालायला लागतो, हे आपल्याला कधीचं माहीत आहे. हे यंत्र खांद्यावर न घेता तेवढंच करतं. तुमच्या काळजाची लय पट्टा टिपतो आणि ती चकती त्याच्या कानामागच्या नसेला हळूहळू टिचक्या मारते. त्याच्या मेंदूला वाटतं, आपल्याला कुणीतरी उचलून घेतलंय. मग औषध कमी करता येतं." त्या ऋतुजाकडे वळल्या. "पण ऋतुजाताई, तुमच्याकडे सध्या लयच नाही. रेघ सपाट आहे. सकाळी मी औषध थोडं कमी केलं, तो चाचपडला, त्याला पकडायला काही सापडलं नाही, आणि मला परत वाढवावं लागलं."

"आणि नाही जमलं तर?" सन्मतीनं विचारलं.

"तर या आठवड्यातच झडप कडक होईल. मग ती काढून धातूची बसवावी लागेल. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या. आणि तो मोठा होईल तसं पुन्हा पुन्हा छाती उघडायची."

सन्मतीचा चेहरा पडला. ऋतुजा ऐकत होती. छाती पुन्हा उघडायची, हे शब्द तिनं नीट ऐकले. टेबलावरच्या पेनाचं टोपण नव्हतं.

सन्मती म्हणाला, मॅडम, मला बांधा पट्टा. बांधून बघितला. बेदाण्याच्या शेडवर दिवसभर हिशेबात असणारा शांत गडी, पण त्याची रेघ कुत्र्यानं पाठलाग केल्यासारखी धावली. शिवाय ऑपरेशनच्या आधी पंधरवडाभर घरी पट्टा घालून आर्जवच्या नसेला आईच्या लयीची ओळख करून दिली होती, बापाची नव्हती. तेव्हा ऋतुजाची रेघ काय सुंदर होती, डोंगररांगच. डॉक्टरांनी ती पडद्यावर काढून दाखवली. आपल्याच लग्नातले फोटो परक्या माणसानं दाखवावेत तशी ऋतुजा ते बघत राहिली.

मग तिला पाझर फोडायचे प्रयत्न झाले. सन्मतीनं आर्जवच्या शाळेतल्या गॅदरिंगचा व्हिडिओ लावला. आर्जव त्यात मका झाला होता आणि स्टेजवर उलट्या दिशेनं नाचत होता. हा व्हिडिओ घरी शंभर वेळा लागला होता आणि दर वेळी ऋतुजा हसून लोळली होती. आता तिनं तो शेवटपर्यंत बघितला आणि फोन परत दिला.

"तुला काहीच वाटत नाही?" सन्मती म्हणाला.

"नाही."

"पोरगं तिथं असं पडलंय आणि तुला काही वाटत नाही?"

"मी काय करू सन्मती? खोटं सांगू?"

"मग कशाला बसलीस तिथं? उठ की! कुठला तरी दगड आणून ठेवतो त्या खुर्चीत." आणि तो निघून गेला, खाली कँटीनमध्ये.

हे बोलणं झोंबायला हवं होतं. ऋतुजानं वाट बघितली. झोंबलं नाही. तिला फक्त एवढं कळलं, की माणसाला स्वतःचीच भीती वाटायला हवी अशी ही वेळ आहे, आणि ती भीतीसुद्धा येत नाहीये.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी औषध पुन्हा अर्ध्यावर आणलं. शेवटचा प्रयत्न म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या हालचालीत ते होतं. आर्जवच्या पापण्या हलायला लागल्या. बोटं चादर शोधायला लागली. आणि नेमक्या त्याच वेळी भेटायची वेळ झाली आणि त्रिशला मावशी आल्या.

त्रिशला मावशी म्हणजे सासूबाईंची सख्खी बहीण. आजाऱ्याला भेटायला जाणं हा त्यांचा हातखंडा. गावातलं कुठलंही मोठं दुखणं त्यांनी भेट दिल्याशिवाय पार पडलेलं नव्हतं. एका हातात सफरचंदांची पिशवी, दुसऱ्या हातात वर छिद्र पाडून आणलेलं शहाळं, अंगावर हॉस्पिटलचा हिरवा झगा उलटा घातलेला. त्यांनी शहाळं टेबलावर टेकवलं, खुर्ची ओढली आणि पोराकडे बघून सुस्कारा सोडला.

"काय गं बाई ह्या नळ्या! आमच्या बोरगावच्या जयपालच्या नातवाला अशीच नळी घातलेली. पाचव्या दिवशी काढली."

"बरा झाला?" ऋतुजानं विचारायचं म्हणून विचारलं.

"कुठला! काढली म्हंजे… काढलीच." मावशींनी डोळ्याला पदर लावला. "आणि ती आमची शेजारीण, तिच्या भाच्याला तर डॉक्टर म्हणले उद्या घरी न्या. आणि नेला बघ घरी, पण कसा नेला!"

ऋतुजा ऐकत होती. मावशी एकेक पोर घेऊन येत होत्या आणि तिच्यासमोर निजवत होत्या. शेवटी त्या जवळ सरकल्या. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज मायेचा झाला, आणि माया खरीच होती, हे सांगायला हवं.

"हे बघ पोरी. चेहरा उतरलाय त्याचा, मला कळतंय. मी लई बघितल्यात. तू मन घट्ट केलंस ते बरं केलंस. तुमचं अजून वय हाय. आता दुसऱ्याचं मनावर घ्या."

ऋतुजानं गुडघ्यावरच्या त्या हाताकडे बघितलं.

"उठा," ती म्हणाली.

"काय गं?"

"उठा मावशी. आधी उठा त्या खुर्चीतनं!" आवाज तिच्या पोटातून आला आणि आयसीयूच्या काचा हलल्या. "दुसऱ्याचं? अहो माझं पोर जिवंत आहे! हा इथं आहे, समोर! त्याचे कान उघडे आहेत! तुम्ही भेटायला आलाय का मातीला आलाय?"

तेवढ्यात यंत्र कोकलायला लागलं. खालची रेघ भिंत चढावी तशी वर गेली होती, आणि तिच्या पाठोपाठ, अगदी पायात पाय घालून, वरची. आर्जवचं कपाळ आक्रसलं. पायाचे अंगठे ताठ झाले.

डॉक्टर मुजावर धावत आल्या. मावशी उलट्या झग्यानिशी कधी बाहेर गेल्या ते कुणी बघितलं नाही.

"पकडलंय त्यानं!" डॉक्टर म्हणाल्या आणि लगेच पुढचा आकडा बघून त्यांचा सूर बदलला. "पण दाब वाढतोय. टाक्यांवर ताण येणार." त्यांचं बोट औषधाच्या पंपावर गेलं आणि तिथंच थांबलं. "ताई, ऐका. मी हे दाबलं तर तो परत गुंगीत. सगळं सपाट. परत प्रयत्न करायला वेळ नाही आपल्याकडे. तुम्ही उतरा. तुम्ही उतरलात तर तो उतरेल."

"कशी उतरू?" ऋतुजाचे दात वाजत होते. रागाच्या मागं दाराशीच थांबलेली भीती आता आत आली होती, एवढे दिवस थांबलेली सगळीच्या सगळी. हा मरू शकतो. माझा आर्जव मरू शकतो. हे वाक्य तिच्या मनात पहिल्यांदा पूर्ण झालं, आणि पडद्यावर दोन्ही रेघा आणखी वर गेल्या. ती घाबरत होती, ते त्याच्याकडे जात होतं, त्याला तसं घाबरलेलं बघून ती आणखी घाबरत होती.

"घरी कशा उतरता?"

घरी? घरी ती कुठं उतरायची? ऋतुजानं इकडंतिकडं बघितलं. टेबलावर मावशींनी तिरकं ठेवलेलं शहाळं कलंडलं होतं. त्याचं पाणी खालच्या पिशवीच्या उघड्या तोंडात ठिबकत होतं. पिशवीत आर्जवचे कपडे होते.

"हे बघ!" ती ओरडली. "बघ, भिजले कपडे! आता ही चड्डी कुठं वाळत घालू मी इथं? दोरी आहे का इथं, खिडकी आहे का? आणि हा शर्ट! खिशाला काय लागलंय हे? शाई? ऑपरेशनला येताना पेन कोण आणतं खिशात?"

तिनं शर्ट झटकला. पाणी पुसलं. शहाळं उचलून सरळ केलं.

"घरी चल तू, मग बघते. तुझं दप्तर मी उघडणारच नाही. त्यात केळं असणार, मला माहीत आहे. मागं पण ठेवलं होतंस, अख्ख्या पुस्तकांना वास… मराठीच्या पुस्तकाला तर अजून येतो. बाईंनी काय म्हणावं? आईला नाक नाही म्हणत असतील…" ती शर्टाची घडी घालत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामे नव्हते. "आणि ती वॉटरबॅग. झाकण हरवलंस ते हरवलंस, वर म्हणतोस कसा, मांजरानं नेलं… मांजर काय झाकण लावून पाणी पिणाराय… तुझे बाबा पण तसलेच… एक वस्तू जागेवर म्हणून नाही…"

आवाज खाली येत होता. तिची कटकट घरी नेहमी अशीच चालायची, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला आभाळ गाठायचं, मग हात कामाला लागले की सूर उतरायचा, आणि शेवटी नुसतं पुटपुटणं राहायचं. आर्जव रोज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी त्या पुटपुटण्यावर झोपी जायचा. कुणाला गाणं असतं, त्याला ही कटकट होती.

घडी झाली. तिनं चड्डी पिळून बाजूला ठेवली. श्वास घेतला, सोडला.

"थांबू नका," डॉक्टर कुजबुजल्या. त्यांचं बोट पंपावरून खाली आलं होतं. पडद्यावर खालची रेघ वाकत वाकत उतरत होती, आणि वरची तिच्या मागून, जरा अडखळत, उतरत होती.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. बधिर झालेला पाय जागा होताना कसा नकोसा होतो, मुंग्या येतात, टेकवत नाही, तसं ऋतुजाचं सगळं अंग आतून जागं झालं. तिला रडू यायचं, भूक लागायची, कँटीनच्या चहावर संताप यायचा. सासूबाईंचा फोन आला. "त्रिशलाला मातीला आलाय म्हणालीस?" "हो." सासूबाई म्हणाल्या, "तीस वर्षं माझ्या जिभेवर होतं ते," आणि फोन ठेवला.

सन्मती तिच्याजवळ येऊन बसला. "मी बोललो ते…" त्यानं सुरुवात केली.

"दगड म्हणालास मला. मी विसरणार नाही."

"नको विसरू," तो म्हणाला आणि त्यानं तिचा हात धरला. तेव्हा पडद्यावर तिच्या रेघेला एक लहानशी चढण आली. दोघांनीही ती बघितली.

पण एक दुखणं मोठं होतं. तिला वाटणारी प्रत्येक भीती आर्जवकडे जात होती. जिन्यावर कुणाचा तरी हंबरडा ऐकून तिचं काळीज हललं, की त्याचं हलायचं. शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. "काढा हा पट्टा. मी त्याला घाबरवतेय."

"घाबरवताय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि त्यातून बाहेर कसं यायचं तेही दाखवताय. मी शांत माणूस शोधत होते, ताई. चुकलं माझं. शांत माणसाचा त्याला उपयोग नाही. शांत होणारं माणूस लागतं. चढ तुमचाच जातो त्याच्याकडे, पण उतारही तुमचाच जातो. तो उतार शिकतोय."

म्हणून ऋतुजा पट्टा बांधून बसली. घाबरली, पुटपुटली, उतरली. पुन्हा घाबरली, पुन्हा उतरली. एवढं जिवापाड घाबरायचं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. औषध थोडं थोडं कमी होत गेलं. आवाजाच्या लहरींनी झडप तपासली गेली, आणि डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. एक लहानशी पाकळी मिटत होती, उघडत होती. मऊ होती.

मग नळी काढायचा दिवस आला.

आर्जव अर्धवट जागा होता. सिस्टरनी चिकटपट्टी सोडवली, डॉक्टर म्हणाल्या, "खोक, बाळा," आणि नळी बाहेर ओढली. आर्जव खोकला. मग त्याला श्वास सापडेना. तोंड उघडं, डोळे मोठे, छाती आत ओढलेली, आणि आवाज नाही.

ऋतुजाच्या काळजानं उडी मारली. पडद्यावर खालची रेघ वर सुटली, त्या दुपारपेक्षाही वर. तिला कळलं, आता हे त्याच्याकडे जाणार, आता टाके जाणार, आता सगळं जाणार. तिनं मनगटावरचा पट्टा ओरबाडून काढायला हात घातला.

"बघा," डॉक्टरांनी तिचा हात धरला. "वर बघा."

वरची रेघ जरा उंचावली होती. तिला तिचा स्वतःचा चढ होता, बेताचा. मग आर्जवनं एक मोठा घोगरा श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि ती रेघ तिच्या तिच्या वाटेनं खाली यायला लागली. खाली आईची रेघ अजून आकांत करत होती. वरचीनं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"पट्टा चालू आहे ना?" ऋतुजानं विचारलं.

"चालू आहे. टिचक्या पोचताहेत. तो घेत नाहीये. त्याला गरज राहिली नाही." डॉक्टर हसल्या. "आता हे काढायचं."

सिस्टरनी पट्टा सोडला. पलीकडून आर्जवच्या कानामागची चकती निघाली. पडद्यावर एकच रेघ राहिली.

"आई," आर्जव म्हणाला. आवाज घासलेला होता. "पाणी."

"आत्ता नाही राजा. जरा वेळानं."

"का?"

"मी सांगते म्हणून."

त्याला ते पटलं नाही, पण तो तिच्याकडे बघत राहिला. ऋतुजाचं काळीज अजून धडधडत होतं. झडप धरेल ना, ताप येणार नाही ना, घरी जिन्यावरून पडला तर, शाळेत कुणी ढकललं तर. ती फार घाबरली होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती एकटीच घाबरली होती. समोर पोराचा चेहरा निवांत होता. यातलं काहीही आता त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं. यापुढे तिला कितीही भीती वाटली तरी, जगातल्या सगळ्या आयांसारखी, ती लपवता येणार होती.

"झोप," ती त्याला म्हणाली, आणि चेहरा सरळ ठेवला.